नानांच्या वळकट्या

पळस्प्याच्या त्या गोदामाचं दार कधी उघडायचं हे घड्याळ ठरवत नसे, मीठ ठरवत असे. दाराशी एका स्टुलावर मातीची ताटली असायची आणि तिच्यात मूठभर जाडं मीठ. नाना सकाळी आले की चपला फाटकाशी काढायचे, अनवाणी त्या ताटलीपर्यंत जायचे आणि चिमूटभर मीठ बोटांत चुरडून बघायचे. मीठ सुटं लागलं तर म्हणायचे, "हसतंय." मग दार उघडायचं. दमट लागलं तर, "रडतंय." मग दार बंद, बाहेर ट्रकांची रांग लागली तरी बंद. ड्रायव्हर शिव्या घालायचे आणि बंदरावरच्या एजंटाला आता काय कारण सांगावं याचा विचार करत मी टेबलाशी बसून असायचो. 'मीठ रडतंय म्हणून आज माल येणार नाही' हे वाक्य मी एकदा इंग्रजीत लिहूनही पाहिलं होतं. पाठवायची हिंमत झाली नाही.

गोदाम गालिच्यांचं होतं. भदोहीच्या एका शेठचे हातविणीचे लोकरी गालिचे ट्रकने यायचे, बोट ठरेपर्यंत नानांकडे मुक्काम करायचे आणि मग कंटेनरात भरून उरणच्या बाजूला बंदरावर जायचे. नाना जागेचे मालक. त्यांच्या घराण्याची मिठागरं होती उलव्याच्या अंगाला. ती सरकारने घेतली, आणि जे पैसे आले त्यातून नानांनी हे गोदाम बांधलं. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले, लग्नांत हेलिकॉप्टर आणायच्या गप्पा केल्या. नानांनी परक्या माणसाचे गालिचे सांभाळायला घेतले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "आमी मीठवाली मानसां. ओल हटवायचा सोरून आमाला दुसरा येतंय काय?"

मी पनवेल गावातला, नुकता बी.कॉम. झालेला. इंग्रजी कागद करायला मला ठेवलं होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी 'मास्तर' करून टाकलं. त्यांचं नाव मात्र मी सांगत नाही. सगळं पळस्पे त्यांना नानाच म्हणत असे, आणि चेकवरची सही सोडली तर त्यांनी स्वतःही दुसरं नाव कधी वापरलं नाही.

गोदामात 'घडी' हा शब्द उच्चारायला बंदी होती. गालिच्याला घडी घातली की घडीवरचे धागे तुटतात, म्हणून गालिचा गुंडाळायचा, हे शास्त्र आहे आणि ते कोणालाही पटेल. पण नानांचं शास्त्र गालिच्यापाशी थांबत नसे. ते वर्तमानपत्र गुंडाळून ठेवायचे. शर्ट गुंडाळून ठेवायचे. वीजबिलाची सुरळी कानामागे लावून पनवेलला भरायला जायचे. धाकट्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, जाड पुठ्ठ्याच्या, मधोमध घडीच्या. नानांनी त्या छापखान्यात परत पाठवल्या. पुन्हा आल्या त्या लाल दोऱ्याने बांधलेल्या सुरळ्या. निम्म्या पाहुण्यांना वाटलं राजकीय पक्षाची पोस्टरं आहेत, त्यांनी उघडल्याच नाहीत. लग्नात जेवण उरलं.

गुंडाळलेल्या गालिच्याला ते 'वलकटी' म्हणत, जुन्या काळी अंथरुणाची वळकटी असायची तशी. आत सुती कापड, वरून ताडपत्री. प्लास्टिक अंगाला लावायचं नाही, कारण बोटीवर उन्हात कंटेनर तापला की प्लास्टिकच्या आत घाम सुटतो. आणि वळकटी कधी उभी करायची नाही. एकदा एका नव्या हमालाने जागा वाचवायला दोनचार वळकट्या भिंतीला उभ्या टेकवल्या, तर नानांनी त्याला पोटाशी धरून हळूच बाजूला केलं आणि विचारलं, "तुझ्या घरी पावना आला तर त्याला रातभर उभा ठेवतंस काय रं?" हमाल म्हणाला, "नाय." "मंग ह्यो पन पावनाच हाय. परवासाला निंगालाय. त्याला आरवा कर."

त्यांच्या वेडाचा कळस म्हणजे कंटेनर तपासणं. रिकामा कंटेनर आला की नाना मला घेऊन आत शिरायचे आणि हमालाला बाहेरून दार लावायला सांगायचे. आत मिट्ट काळोख, लोखंडाचा वास आणि भट्टीसारखी ऊब. "वर बघ मास्तर. चांदनी दिसतंय काय?" पत्र्याला टाचणीएवढं जरी भोक असलं तरी काळोखात ते चमकतं. चांदणी दिसली की कंटेनर परत. ही तपासणी सगळेच करतात, हे मला पुढे कळलं. पण बाकीचे डोळे फिरवतात आणि बाहेर येतात. नाना मांडी घालून बसायचे. म्हणायचे, डोळ्यांना काळोखाची ओळख होऊ दे. आणि तेवढ्या वेळात गावाकडच्या गोष्टी सांगायचे. खाडीची, मिठाच्या ढिगांची, चांदण्यात पांढऱ्या दिसणाऱ्या वाटांची. बाहेर ट्रकवाला पत्रा बडवत असायचा आणि आत नाना, "मंग काय झाला," म्हणून पुढची गोष्ट सुरू करायचे. घामाने माझा शर्ट अंगाला चिकटायचा. तरी खरं सांगतो, इतक्या निवांतपणे मला पुन्हा कोणी काही सांगितलेलं नाही.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. मिठाचंच घ्या. उलव्याला गावठी क्रिकेटच्या स्पर्धा लागल्या की नेमकं मीठ रडायचं. भर उन्हाळ्यात, कोरड्या हवेत. मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं, मग एके सकाळी मी एका हमालाला ताटलीवर पाण्याचा शिपका मारताना पाहिलं. त्याने डोळा मिचकावला. नाना आले, मीठ चुरडलं, वर निळ्याशार आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "रडतंय. लाव दार." पोरं टेम्पोत बसून पळाली. मीही गेलो. पहिली मॅच संपते न संपते तोच पुढच्या खुर्चीवर नाना दिसले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आम्हाला पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "टॉस कोनी जिंकला?" दुसऱ्या दिवशी मीठ हसत होतं.

गोदामाच्या दारासमोर एक कडुनिंब होता. मोठा, गर्द, अर्धं अंगण झाकणारा. त्याचा पाला नाना सावलीत वाळवायचे आणि प्रत्येक वळकटीत स्वतःच्या हाताने मूठमूठ घालायचे. लोकरीला कसर लागू नये म्हणून. आपल्या घरी आई धान्यात घालते, शालीत घालते, तसंच. शेठच्या माणसांनी डांबराच्या गोळ्या पाठवल्या होत्या, त्या नानांनी गोदामाच्या संडासात टाकल्या. "पावन्याच्या अंथरुनात हा वास?" म्हणाले.

आणि या पाल्यानेच घात केला.

एका खेपेचा कंटेनर परदेशी बंदरावर अडवला गेला. तिकडच्या तपासणीवाल्यांनी एक वळकटी उलगडली, तर आतून झाडाचा पाला पडला. दुसरी उलगडली, तिच्यातही पाला, आणि दोन सुक्या निंबोळ्या. परक्या देशातलं पान, परक्या देशातलं बी. त्या लोकांना त्यातून कोणती कीड, कोणता रोग आपल्या शेतात शिरेल याची धास्ती. सगळा माल अडकला, धुरी देऊन पुष्कळ उशिराने सुटला आणि तिकडच्या गिऱ्हाइकाने शेठला खरमरीत मेल पाठवला. शेठचा फोन आला तेव्हा नाना आधी हसले. "पाला? अवो, पाला तं औषद हाय!" पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. नानांचं हसू हळूहळू गेलं. फोन ठेवून ते मला म्हणाले, "मास्तर, त्यांच्या देशात झाडं नाय काय रं?" मी त्यांना नियम समजावून सांगितला. त्यांनी सगळा ऐकून घेतला. मग म्हणाले, "म्हंजे चूक माझीच. इतकी वर्सां तपासनीला कोनी वलकटी खोललीच नाय, म्हनून खपली."

शेठचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या खेपेआधी त्यांची माणसं गोदाम बघतील. पाल्याचा धोका दिसला तर सगळा माल पळस्प्याच्याच पुढे नव्याने झालेल्या मोठ्या वेअरहाऊसमध्ये हलवायचा. आणि माल हलला की नानांचं गोदाम संपलंच, कारण त्यांचे मुलगे त्याचीच वाट बघत होते. थोरल्याचा उलव्याला रेतीसिमेंटचा धंदा. जागेला बिल्डरचं मागणं आलेलंच होतं. तो वाईट मुलगा नव्हता. बापाला म्हणायचा, "नाना, तुमचा वय झाला आता. कशाला लोकांचे गालिचे राखताव?" नाना उत्तर द्यायचे, "माल हाय तवर गोदाम हाय. माल गेला की तुमी कराल तसां."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकेक वळकटी उलगडायला घेतली. नानांच्या भावकीतल्या बायका आल्या, हमालांच्या बायका आल्या. अंगणात ताडपत्र्या अंथरून त्यांवर गालिचे पसरले. इतकी वर्षं त्या गोदामात काम करून मी गालिचे असे कधी पाहिलेच नव्हते. फक्त ताडपत्रीची नळकांडी आणि त्यावरचे नंबर. आता एकदम लाल, निळे, शेवाळी, वेली, हरणं, मोर. एक म्हातारी काठावर बसून नुसती झालरीवरून हात फिरवत राहिली. त्या दिवसांची आठवण झाली की अजून माझ्या डोळ्यांसमोर तोच लाल रंग येतो. बायका मऊ कुंच्यांनी पाला झाडत होत्या, आणि दिवस फाल्गुनाचे, कडुनिंबाच्या पानगळीचे. इकडे एक गालिचा साफ करावा, तिकडे वाऱ्याची झुळूक आली की वरून पिवळी पानं भुरभुरायची. बायका हसून हसून बेजार. नाना काठी घेऊन झाडाकडे बघत म्हणाले, "थांब की रं जरा!"

शेठकडून तपासायला आल्या त्या पुण्याच्या एक बाई. तरुण, कमी बोलणाऱ्या. फाटकाशी चपलांची रांग बघून त्यांनी न सांगता सँडल काढले, तेव्हाच त्या नानांना आवडल्या. त्यांनी स्वतः निवडून वळकट्या उलगडायला लावल्या, बॅटरीने आतपर्यंत पाहिलं. एक पान सापडलं नाही. मीठ पाहून त्या हसल्या, पण खिल्ली म्हणून नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. मग त्या दाराबाहेर आल्या आणि उभ्या राहिल्या. वरून एक पान आलं, त्यांच्या हातातल्या कागदावर पडलं. त्यांनी ते उचललं नाही, नुसतं बघत राहिल्या.

"नाना," त्या म्हणाल्या, "तुम्ही आत घालणार नाही याची मला खात्री आहे. पण हे झाड दाराशी आहे तोवर मी सही कशी करू? माल चढवताना एक पान उडून आत गेलं की पुन्हा तेच."

नाना म्हणाले, "खरां हाय."

"पुढच्या खेपेला मी येईन. तोवर काय ते ठरवा."

बाई गेल्यावर नाना त्या झाडाखाली बसले ते जेवायलाही उठले नाहीत. ते झाड साधं नव्हतं. खाडीकाठी नानांचं मूळ गाव होतं, घरासमोर त्यांच्या आजोबांनी लावलेला कडुनिंब होता. गोदाम बांधलं तेव्हा नानांनी त्याच्या बुडातलं एक रोप आणून इथे लावलं. पुढे विमानतळासाठी ते सबंध गाव उठलं. घरं गेली, देऊळ हललं, तो म्हातारा कडुनिंबही गेला. शेवटच्या दिवशी नाना जाऊन बघून आले होते. त्या गावातलं जिवंत असं आता एवढंच उरलं होतं, गोदामाच्या दाराशी पानं गाळणारं.

माझी खात्री होती की नाना झाड तोडणार नाहीत. मी तर दुसरी नोकरी बघायला लागलो होतो. थोरल्या मुलालाही तसंच वाटत होतं. तो येऊन म्हणाला, "नाना, झाडाला हात लावू नका. माल जाऊदे. आपन जागा देऊन टाकू." ते झाड त्याचंही होतंच. नानांनी विचारलं, "बिल्डर झाड ठेवील?" त्याने नकारार्थी मान हलवली.

"मंग?" नाना म्हणाले. "झाड असांपन जानार, तसांपन जानार. असां गेला तं निदान पावने तरी ऱ्हातील."

मला हे सुचलंच नव्हतं. मी झाड एका बाजूला आणि गोदाम दुसऱ्या बाजूला ठेवून बसलो होतो.

परवानगीचे सोपस्कार झाले. तोडायच्या सकाळी नानांनी मीठ बघितलं नाही. झाडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बाजूला उभे राहिले. करवतवाल्यांनी दोर बांधले. झाड पडलं तेव्हा अंगणात एकदम इतकं ऊन आलं की आम्ही सगळ्यांनीच डोळ्यांवर हात धरले. नाना त्या उन्हात आडव्या बुंध्यापाशी गेले, त्याच्यावर तळवा ठेवला. आणि रडले. लपवलं नाही. टॉवेल डोक्यावरून काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "फांद्या आपटू नका रं." दुपारी एक टेम्पो आला आणि बुंधा घेऊन गेला. मला वाटलं, जळणाला दिला असेल. विचारायचा धीर झाला नाही.

बाई पुन्हा आल्या तेव्हा अंगण उघडंबोडकं होतं. बुंध्याच्या जागी माती दाबून फरशी घातलेली. त्या क्षणभर फाटकातच थबकल्या. मग सँडल काढून आत आल्या. गोदामात वळकट्या पूर्वी लोखंडी पॅलेटवर असत. त्या दिवशी त्या सगळ्या नव्या लाकडी मांडण्यांवर आडव्या पहुडल्या होत्या. फळ्या घोटून गुळगुळीत केलेल्या, लालसर, आणि साऱ्या गोदामात एक कडसर वास. मांडण्या आल्याचं मला माहीत होतं, आदल्या दिवशी मीच उतरवून घेतल्या होत्या. लाकूड कसलं ते मात्र माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

बाईंनी फळीवरून बोट फिरवलं, वाकून वास घेतला आणि नानांकडे पाहिलं.

नाना छताकडे बघत म्हणाले, "तुमी पाला नको बोललाव, बाई. लाकराचा काय बोललाव नाय."

बाईंनी विचारलं, "हे लाकूड मालाबरोबर कंटेनरात जाणार नाही ना?"

"छ्या! पावनं जातील, नवीन येतील. ह्यो हितंच ऱ्हानार. ह्याला एकदा गाव सोरायला लावला, आता नाय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली, पेन काढलं आणि त्या फळीवरच कागद टेकवून सही केली.

नाना असेपर्यंत गोदाम चाललं. कंटेनरात बसून चांदण्या शोधणं शेवटपर्यंत चालू होतं, फक्त पुढे पुढे आत चढायला माझा हात लागायचा. ते गेल्यावर मुलांनी रीतसर माल शेठच्या स्वाधीन केला आणि जागा दिली. मी मांडण्यांतली एक फळी मागून घेतली. थोरल्याने ती स्वतः माझ्या खांदा कॉलनीतल्या घरी आणून दिली. "घे मास्तर," म्हणाला, "आडवी ठेव पन."

नवा विमानतळ सुरू झाला आणि मला तिथे मालाच्या विभागात नोकरी लागली. फळी आत न्यायची म्हणून फाटकावरच्या सुरक्षावाल्याने अडवलं. साहेबांची चिठ्ठी आणा, म्हणाला. चिठ्ठी आणली, तरी विचारलंच, "एवढी धडपड कशाला? आत लोखंडी कपाटं आहेत की." मी म्हटलं, असू द्या. फळी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावली, नीट आडवी. तिच्यावर मिठाची ताटलीही ठेवली आहे. एसीमुळे मीठ बारा महिने हसतं, त्यात काही अर्थ नाही.

एकदा जुन्या गावचा एक म्हातारा काही कामासाठी माझ्याकडे आला. काचेतून बाहेर धावपट्टीकडे बघत, खाडीच्या अंदाजाने हात फिरवत, कोणाचं घर कुठे होतं ते सांगू लागला. देऊळ तिकडे, विहीर पलीकडे. नानांचं घर कुठे, मी विचारलं. त्याने जरा हिशेब केला, मागे वळला आणि माझ्या टेबलाच्या आसपास बोट दाखवलं. "हितंच कुठंतरी. दाराशी मोठा कडुनिंब होता त्यांच्या."

मी त्याला खुर्ची दिली आणि भिंतीवरच्या फळीवर हात ठेवून म्हटलं, "बसा. आहे तो अजून."